काबरीच्या पोटाखाली

कापसाची दुसरी वेचणी चालू होती तेव्हाची गोष्ट. आमच्या इकडे, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला, या दिवसात घरात माणूस सापडत नाही. सकाळी डबे बांधून निघायचं ते दिवेलागणीलाच परत, त्यामुळे आमची काबरी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली, हे आम्हाला दोन दिवस कळलंच नाही. संध्याकाळी खुराड्याचं फळकूट लावायच्या आधी मी रोज मोजते, सात कोंबड्या, एक कोंबडा, दोन अर्धवट वाढलेल्या तलंगा. त्या दिवशी काबरी नव्हती. मोबाईलचा टॉर्च लावून गोठा पाहिला, पऱ्हाट्यांच्या गंजीमागे पाहिलं, मनात मुंगूस येऊन गेलं होतं. सापडली ती कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या ढिगात, एकदम आत, फक्त डोळा चमकत होता. हात नेला तर सगळी पिसं फुगवून दुप्पट झाली आणि घशातून असा कुर्रर्र आवाज काढला की मी हात मागे घेतला. मग फडकं गुंडाळून हात खाली घातला. एकही अंडं नाही. रोजची अंडी मीच उचलत होते ना, त्यामुळे खाली नुसतं कुटार होतं आणि ती त्या रिकाम्या जागेवर बसून होती, अंगाची नुसती भट्टी झालेली.

खुडूक कोंबडी ज्यांनी पाळली त्यांना हे माहीत आहे, ज्यांनी नाही पाळली त्यांच्यासाठी थोडं सांगते. कोंबडीच्या अंगात प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढलं की तिचं अंडी देणं बंद होतं आणि बसणं सुरू होतं. पोटाची पिसं झडतात, ती स्वतःही उपटते, म्हणजे उघडी कातडी सरळ अंड्याला लागावी. दिवसातून एकदा कशीबशी उठते, घाईघाईत दाणे टिपते, पाणी पिते, एक भला मोठा घाण वासाचा पो टाकते आणि पुन्हा पळत जागेवर. तुरा फिका पडतो, वजन कमी होतं. अंडी खाली असली तर २१ दिवसांनी पिल्लं निघतात. नसली तरी ती बसतेच, महिना महिना बसते.

शेजारच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी उपाय सांगितले. बादलीत पोटापर्यंत बुडव, नाहीतर नाकपुडीत पीस घाल, नाहीतर तीन दिवस डाल्याखाली उपाशी झाकून ठेव, उतरते खुडूक. हे उपाय गावोगाव चालतात आणि लोकांचंही चूक नाही, बसलेली कोंबडी दीड महिना अंडं देत नाही आणि ज्याचं मीठ-तेल अंड्यांवर चालतं त्याला ते परवडत नाही. पण नाकात पीस घातलेली कोंबडी मी पाहिली आहे, दिवसभर मान झटकत फिरते, ते माझ्याने होणार नव्हतं. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही सगळे माय म्हणतो, ओट्यावर वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "बसू दे व तिले. तिचं काय चुकलं."

आणि मग म्हणाल्या, "पिल्लं आन दुकानातले. राती घाल तिच्या खाली."

हे ऐकून मी गप्पच झाले कारण माझा त्या बाबतीतला अनुभव फार वाईट होता. एकदा नाही, दोनदा.

पहिल्यांदा मी हॅचरीची, म्हणजे मशीनमध्ये अंडी उबवतात तिथली, २५ पिल्लं आणली होती, कावेरी जातीची, पुठ्ठ्याच्या गोल आडोशात ठेवली, वर बल्ब टांगला. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ डिग्रीच्या आसपास ऊब लागते, नंतर दर आठवड्याला तीनेक डिग्रीने कमी करत न्यायची, हे सगळं मी वहीत लिहून घेतलं होतं, थर्मामीटर पण आणला होता. चौथ्या रात्री लाईन गेली. डिसेंबरची रात्र, आम्ही थकून झोपलेलो, कुणाला जागच नाही आली. थंडी वाजली की पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढतात, वरची खालच्यांना दाबत जातात, आणि सकाळी पाहिलं तर कोपऱ्यात एकच ढीग होता, वरची जिवंत आणि खालची ११ मेलेली, चपटी झालेली. ती ११ पिल्लं मी पाटीत घेऊन बांधावर पुरायला गेले तेव्हा हाताला जे वजन लागलं ते अजून आठवतं, काहीच वजन नव्हतं.

दुसऱ्यांदा म्हणजे त्याच वेळी, उरलेल्या १४ साठी. तांबडी कोंबडी तेव्हा खुडूक होती. मला वाटलं आई पाहिजे यांना, आणि तिला पिल्लं पाहिजेत, दोघांचीही गरज आहे तर काय प्रश्न आहे. भर दुपारी मी पिल्लं नेऊन तिच्या पुढ्यात सोडली. तिने एकाच्या डोक्यात चोच मारली, मग दुसऱ्याच्या, मी ओढून काढेपर्यंत दोन गेली. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. बाकीची पिल्लं तिच्याकडे गेलीच नाहीत. ती चार-पाच दिवसांची झाली होती, त्यांना आई म्हणजे बल्ब माहीत होता, ती तिथून पळून थेट त्या पुठ्ठ्याच्या आडोशाकडे गेली आणि विझलेल्या बल्बच्या खाली जाऊन उभी राहिली.

हे असं का झालं ते मला पुढे कळलं, थोडं वाचून आणि जास्त करून माय कडून. पिल्लू अंड्यातून निघाल्यावर पहिल्या दीड-दोन दिवसात जे हलतं, जे आवाज देतं, जे ऊब देतं ते त्याच्या मनावर ठसतं. ऑस्ट्रियाच्या कोनराड लोरेन्झ नावाच्या शास्त्रज्ञाने हंसाच्या पिल्लांवर हे फार नीट पाहिलं होतं, त्याच्या मागेच पिल्लं चालायची, १९७३ चं नोबेल मिळालं त्याला आणखी दोघांबरोबर. म्हणजे खुडूक कोंबडीने पिल्लू घ्यायचं असतं तसं पिल्लानेही कोंबडी घ्यायची असते, आणि त्याच्याकडे वेळ थोडा असतो. माय ला लोरेन्झ माहीत नाही. ती एवढंच म्हणाली की तीन दिवसाच्या वरचं पिल्लू मायचं ऐकत नाही, आणि उजेडी दाखोशीन तं टोचून मारन, राती घाल, सकायी तिले वाटन आपलेच निंगाले.

मग आम्ही ठरवलं. हॅचरीच्या माणसाला फोन केला, गाडी १२ दिवसांनी येणार होती. मला ते बरंच वाटलं. कोंबडी चांगली मुरू द्यावी लागते, दोन दिवसांच्या खुडूक कोंबडीखाली पिल्लं घातली तर तिचं अंग तयार नसतं, तिचा बसण्याचा काळ जितका २१ दिवसांच्या जवळ जाईल तितकं बरं. मधल्या काळात तिला बसायला काहीतरी पाहिजे म्हणून आमच्या पोराने नदीवरून आणलेले पाच गुळगुळीत गोटे मी तिच्या खाली ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी वावरातून लवकर आले होते तेव्हा लपून पाहिलं, ती चोचीच्या खालच्या बाजूने एक एक गोटा स्वतःकडे ओढत होती, फिरवत होती, कडेचा मधे आणि मधला कडेला. गोट्याला! मग पंख जरा उचलून हलत हलत खाली बसली आणि डोळे अर्धे मिटले. मी तिथून उठून आले, मला जास्त वेळ पाहवलं नाही.

जागा बदलायची होती, कारण कुटारात बाकीच्या कोंबड्या येऊन तिला उठवत होत्या. तेही रात्रीच केलं. गोठ्याच्या कोपऱ्यात तुराट्यांचा कूड घालून हात-दोन हात जागा वेगळी केली, पुढे तारेची जाळी. खाली राख, त्यावर कडुनिंबाचा पाला, त्यावर कुटार. राखेचं नि पाल्याचं माय ने सांगितलं, बसलेल्या कोंबडीच्या अंगात उवा फार होतात, ती धुळीत लोळायला जात नाही ना, आणि त्याच उवा पिल्लांच्या डोक्यावर चढतात आणि पिल्लं वाळत जातात. जाळी मुद्दाम अशी ठेवली की बाकीच्यांना ती दिसत राहील आणि तिला बाकीचे. हे महत्त्वाचं आहे, पुढे सांगते.

पिल्लं आली तेव्हा खोक्यात १२ होती, कालच निघालेली, पिवळी, काही काळपट. खोक्याला भोकं, आतून एकसारखी चिवचिव. लोकांना दया येते की प्रवासात उपाशी राहिली बिचारी, पण निघायच्या आधी पिल्लू अंड्यातला पिवळा बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोन-तीन दिवस काढू शकतं, म्हणून तर एवढ्या लांबून पाठवता येतात. मी त्यांना कोमट पाण्यात थोडा गूळ विरघळवून एकेकाची चोच बुडवून पाजलं, मग टोपल्यात घालून चुलीजवळ ठेवलं आणि अंधाराची वाट पाहिली.

रात्री नऊ साडेनऊ झाले असतील. टॉर्चवर लाल फडकं बांधलं होतं, कोंबडीला अंधुक उजेडात काही दिसत नाही आणि लाल उजेडात ती बिचकत नाही. मी पुढे, माय मागे टोपलं घेऊन. माय ने हळूच सांगितलं, मागून जाय, तोंडाकडून नको. मी एका हातात पिल्लू धरलं, मुठीत मावेल एवढंच, त्याचं काळीज माझ्या बोटांवर धडधडत होतं. दुसऱ्या हाताने काबरीच्या पोटाखाली हात सरकवला. ती कुर्रर्र करून फुगली. मी थांबले. एक गोटा बाहेर काढला, त्याच्या जागी पिल्लू ठेवलं, हात काढून घेतला. पिल्लू ओरडत होतं, चिव चिव चिव, घाबरल्याचं. मग एकदम आवाज बदलला. जे पिल्लं पाळतात त्यांना हा आवाज माहीत असेल, घशात थरथरल्यासारखा, बारीक, लांबवलेला, ऊब लागली की पिल्लू तसा आवाज काढतं. आणि त्याला उत्तर म्हणून काबरीने जो आवाज काढला तो मी त्या १२ दिवसात एकदाही ऐकला नव्हता. कुर्रर्र नाही. एकदम खालचा, टुक... टुक... असा. जणू ती कुणाला काही विचारते आहे.

माय ने माझा खांदा दाबला. "घेतलं तिनं."

मग आम्ही थांबलो, दहा-पंधरा मिनिटं. एकच पिल्लू घालून थांबायचं, काही बिघडलं तर एकच जातं. मग दोन, मग दोन, गोटे काढत काढत. शेवटची पिल्लं मला घालावी पण लागली नाहीत, टोपल्यातून तिच्या बाजूला सोडली तर आवाजाच्या दिशेने स्वतःच चालत गेली आणि पंखाच्या पिसात डोकं खुपसून आत शिरली. एका पिल्लाचं फक्त ढुंगण बाहेर होतं. तिने पंख उचलून ते पण आत घेतलं.

झोप काही लागली नाही. खरी परीक्षा रात्रीची नसतेच, पहाटेची असते, उजेडात ती पहिल्यांदा पाहते तेव्हाची. मी पाच वाजल्यापासून गोठ्यात पोत्यावर बसले होते, शाल घेऊन, हातात टोपलं, काही वाईट दिसलं तर लगेच उचलायला. बाहेर कोंबडा आरवला. तांबडं फुटायला लागलं तसं काबरीच्या छातीच्या पिसातून एक पिवळं डोकं बाहेर आलं आणि सरळ तिच्या डोळ्याकडे पाहिलं. कोंबडीचा डोळा चमकतो म्हणून पिल्लू त्याला चोच मारतं, त्यानेही मारली. मी उठून उभी राहिले. काबरीने मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं, एका डोळ्याने, मग दुसऱ्या डोळ्याने. आणि खाली पसरलेल्या ज्वारीच्या कणीतला एक दाणा उचलून त्याच्या समोर टाकला. पुन्हा उचलला, पुन्हा टाकला, टुकटुकटुकटुक करत. पिल्लाने तो खाल्ला.

माय पण येऊन मागे उभी होती, कधी आली माहीत नाही. आम्ही दोघी तिथेच बसलो, वावरात जायचं होतं तरी. आणि तिथे तिने मला ते सांगितलं, १९ वर्षं झाली मला या घरात येऊन, कधी ऐकलं नव्हतं. तिची आई ती तीन दिवसांची असताना वारली होती. तिच्या काकूला तेव्हा महिन्याभराचा मुलगा होता. "काकू लय रडे, म्हने मी माह्या पोराचं पाहू का हिचं पाहू. मंग आजीनं काय केलं, काकू झोपली तशी राती मले नेऊन तिच्या कुशीत टाकलं, न सांगता. पान्हा तं फुटलेलाच व्हता. सकायी उठून पायते तं दोघं दोन बाजूनं पिऊन रायले." आणि काकूने मग तिला लग्न होईस्तोवर वाढवलं, मुलाच्या बरोबरीने. माय ने हे कोरड्या डोळ्यांनी सांगितलं, पिल्लांकडे पाहतच. मग म्हणाली, "पानी उथय ठेव. बुडतात."

ते खरं आहे. पाणी उथळ थाळीत आणि त्यातही खडे टाकून, पिल्लू पाण्यात पडून बुडतं नाहीतर भिजून थंडीने मरतं. खाण्याचंही असंच, पिल्लांना आणि आईला एकच खाद्य द्यायचं असेल तर पिल्लांचं द्यावं, अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम फार असतं, साडेतीन-चार टक्के, पिल्लांना एक टक्का पुरतो, जास्तीने त्यांच्या किडन्या खराब होतात. ती अंडी देत नाही तोपर्यंत तिला पिल्लांच्या खाद्याने काही होत नाही. आम्ही स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं खाद्य आणलं होतं आणि वरून ज्वारीची कणी. तिसऱ्या दिवशी एक पिल्लू सुस्त दिसलं, शेपटीखाली शी वाळून भोक बंद झालं होतं. कोमट पाण्याच्या फडक्याने भिजवून भिजवून काढलं, पण ते आधीपासूनच अशक्त होतं, संध्याकाळी गेलं. ११ राहिली.

सातव्या दिवशी लासोटा. राणीखेतची लस, डोळ्यात एक थेंब. राणीखेत म्हणजेच आपली मानमोडी, उत्तराखंडातल्या राणीखेतवरून ते नाव पडलं. एकदा घरात शिरली की आठवड्यात खुराडं रिकामं करते, मी गावात दोन घरं अशी पाहिली आहेत. अडचण ही की लसीची बाटली १०० पक्ष्यांची येते आणि एकदा पातळ केली की तासा-दोन तासात संपवावी लागते, शिवाय बर्फात आणावी लागते. मला तर ११ थेंबच पाहिजेत. म्हणून मी आधीच घरोघर सांगून ठेवलं होतं, त्या संध्याकाळी थर्मास घेऊन आले तर आमच्या ओट्यावर सात-आठ बाया डाली घेऊन बसलेल्या. मला हे फार मनापासून सांगायचं आहे की दहा कोंबड्या असणाऱ्याने लस म्हणजे फार्मवाल्यांचं काम असं समजू नये, चार घरांनी मिळून बाटली आणावी. आमची पिल्लं मी सगळ्यात शेवटी, अंधार पडल्यावर, काबरीच्या खालून एकेक काढून केली. दिवसा केलं असतं तर तिने माझे हात फोडले असते.

आता उरलेल्या कळपाचं. लोकांना वाटतं आईने घेतलं की काम झालं. खरा धोका बाकीच्यांचा असतो. कोंबड्यात कोण कुणाला टोचणार याचा हिशोब ठरलेला असतो, पहिली सगळ्यांना टोचते, शेवटची सगळ्यांची खाते. नॉर्वेच्या श्येल्डेरुप-एब्बे नावाच्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी हे लिहून ठेवलं, तो लहानपणापासूनच कोंबड्या पाहत बसायचा म्हणे. कुणी नवीन आलं की हा सगळा हिशोब पुन्हा मांडला जातो, रक्त निघेपर्यंत. म्हणून ती जाळी. दहा दिवस काबरी आणि पिल्लं आत, बाकीचे बाहेर, एकमेकांना पाहतात, आवाज ऐकतात, शेजारी शेजारी खातात, मध्ये तार. पहिले दोन दिवस काळी कोंबडी जाळीपाशी येऊन आत चोच मारायला पाहायची. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत तिने तिकडे पाहणं सोडलं.

११ व्या दिवशी संध्याकाळी सोडलं, अंगणात, खुराड्यात नाही. अंगणात पळायला जागा असते. खाद्याच्या चार थाळ्या चार कोपऱ्यात ठेवल्या म्हणजे एका थाळीवर गर्दी नको. आणि संध्याकाळी यासाठी की तासाभरात अंधार पडतो, भांडण लांबत नाही. काबरी बाहेर आली ती पिसं फुगवून, पंख जमिनीला घासत, पिल्लं पोटाखाली. काळी पुढे आली. मला वाटत होतं दहा-बारा दिवस बसून आणि उपाशी राहून ही खंगली आहे, मार खाणार. तिने काळीला असं झोडलं की काळी गंजीवर जाऊन बसली आणि खाली यायला तयार नाही. कोंबड्याने तर काहीच केलं नाही, उलट एक किडा सापडला तर आवाज देऊन पिल्लांना बोलावलं. आमचे मिस्टर म्हणाले झालं बाई, आता निश्चिंत.

झालं नव्हतं. दोन अर्धवट तलंगा होत्या ना, त्या. मोठ्या कोंबड्यांना आईची भीती कळते, तलंगा स्वतःच कळपात तळाला असतात, त्यांना टोचायला पहिल्यांदाच कुणीतरी लहान मिळालेलं असतं. तिसऱ्या दिवशी एक काळपट पिल्लू आईपासून हातभर मागे राहिलं आणि त्यांनी त्याला कुडाच्या कोपऱ्यात घेतलं. मी पोचले तेव्हा डोक्याची कातडी सोलून निघालेली. रक्त दिसलं की बाकीच्याही टोचतात, म्हणून त्याला लगेच उचललं, खोबरेल तेलात हळद कालवून लावली, तीन दिवस टोपल्यात ठेवलं पण जाळीच्या आतच, आईच्या बाजूला, आवाज ऐकू येईल असं. लांब ठेवलं असतं तर तिने त्याला परत घेतलं नसतं. वाचलं ते. अजून आहे, डोक्यावर टक्कल आहे त्याच्या.

त्यानंतर मी कुडाच्या खालून वीतभर तुराट्या कापल्या, पिल्लू आत जाईल, कोंबडी जाणार नाही एवढी फट. आत त्यांचं खाद्य-पाणी. हे मला आधीच सुचायला पाहिजे होतं. कुणी अंगावर आलं की पिल्लं सुर्रकन आत, आणि त्यांच्या महागाच्या खाद्यावर मोठ्यांची धाडही बंद. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी पहिल्या दिवसापासूनच ही फट ठेवा.

घारीने एक नेलं, त्याला काही इलाज झाला नाही. अंगणावर जुन्या साड्या बांधल्या होत्या पण पिल्लं वावराच्या बाजूला गेली होती. त्या वेळी मी तिथेच होते, काबरीने लांब, एकच, ताणलेला आवाज काढला आणि पिल्लं जिथे होती तिथे जमिनीला चिकटली, काही तिच्याखाली. मांजर दिसलं की ती वेगळा आवाज काढते, तुटक, कटक-कटक असा, आणि तेव्हा पिल्लं पळतात. ही पिल्लं मशीनमध्ये निघालेली, त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. एक फक्त उघड्यावर धावलं. काबरी घारीच्या मागे उडाली, कोंबडी उडते तेवढी, बांधापर्यंत. परत येऊन बराच वेळ आवाज देत होती. १० राहिली.

संक्रांतीनंतर काबरीचा तुरा लाल व्हायला लागला. पिल्लं दीड महिन्याची, पंख फुटलेली, गळ्याची पिसं अर्धी आलेली, दिसायला काहीच धड नाही. संध्याकाळी ती सगळी तिच्या खाली शिरायला पाहायची आणि मावायची नाहीत, ती उभीच राहायची आणि चहूबाजूंनी नुसत्या शेपट्या. मग एक दिवस एकाने तिच्या चोचीतला दाणा घ्यायला पाहिलं तर तिने त्याच्या डोक्यात मारली. हलकेच, पण मारली. ते पिल्लू तिच्याकडे पाहत राहिलं. दुसऱ्या दिवशी कुटारात अंडं सापडलं.

त्या रात्री ती कोपऱ्यात गेली नाही. खुराड्यात जाऊन वरच्या आडव्या दांडीवर बसली, तिच्या जुन्या जागी, काळीच्या शेजारी. खाली दहाही पिल्लं उभी, वर पाहत, तीच लहानपणची चिवचिव पण आवाज आता फाटका. मी फळकूट लावायला गेले होते ते तशीच थांबले. टकल्याने आधी उडी मारली, दांडीला छाती आपटून खाली पडलं. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा पाय टेकले, दोन-तीन झोके खाल्ले आणि ते तिच्या बाजूला सरकलं, अगदी अंगाला अंग लागेल इतकं. मी श्वास धरून पाहत होते. काबरीने त्याला टोचलं नाही. तिने डोळे मिटले होते.

मग बाकीची. दोन-तीन खालीच राहिली ती माय ने उचलून वर ठेवली. मग अंधारातच, टॉर्च न लावता, तिने दांडीवरून हात फिरवत एकेकाच्या पाठीला बोट लावून मोजलं, दहापर्यंत, आणि काबरीच्या पाठीवर हात जरा जास्त वेळ ठेवला.

"लाव फयकूट," म्हणाली. "थंडी हाय."